आराखड्यावरील बदलाची खूण : ‘रिव्हिजन क्लाउड’ आणि आरेखकांच्या पर्यायी युक्त्यांचा इतिहास
(विशेष संदर्भ : कडेगाव परिसर)

गोषवारा

इमारतीच्या आराखड्यात बदल झाल्यास बदललेल्या भागाभोवती कमानींची एक बंद रेषा काढली जाते. तिला व्यवहारात ‘रिव्हिजन क्लाउड’ किंवा नुसते ‘क्लाउड’ म्हणतात. संगणकीय आरेखन प्रणालींच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ही खूण काढण्याची स्वतंत्र सोय नव्हती, त्यामुळे आरेखकांनी ती अनेक आडमार्गांनी साध्य केली. प्रस्तुत शोधनिबंधात या युक्त्यांचा इतिहास मांडला असून, त्याचा संबंध सातारा-सांगली परिसरातील भूमी अभिलेखांच्या जुन्या पद्धतीशी जोडून पाहिला आहे. जुनी नोंद न पुसता नवी नोंद दाखवणे हे तत्त्व या प्रदेशाच्या दप्तरांत संगणकाच्या कितीतरी आधीपासून रुजलेले होते. संगणकाने पुसणे सोपे केले, तेव्हा हेच तत्त्व टिकवण्याचे काम आरेखकांच्या युक्त्यांनी केले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रिव्हिजन क्लाउड, इमारत आराखडा, फेरफार, कमी-जास्त पत्रक, ऑटोकॅड, रेव्हिट, कडेगाव.

१. प्रस्तावना

इमारत उभी राहण्यापूर्वी ती कागदावर अनेकदा बांधली व मोडली जाते. मालकाला स्वयंपाकघर मोठे हवे असते, जमिनीत अपेक्षेपेक्षा लवकर खडक लागतो, मंजुरी देणारे कार्यालय जिना रुंद करण्यास सांगते. अशा प्रत्येक कारणाने आराखडा बदलतो व त्याची नवी प्रत निघते. नव्या प्रतीत शेकडो रेषा पूर्वीप्रमाणेच असतात आणि बदललेल्या रेषा चार-पाचच असतात. त्या नेमक्या कोणत्या, हे वाचणाऱ्याला चटकन कळले नाही तर तो जुन्याच समजुतीने काम करीत राहतो.

या अडचणीवर बांधकाम व्यवसायाने शोधलेला उपाय म्हणजे क्लाउड. बदललेल्या भागाभोवती लहान लहान कमानींची ढगासारखी रेषा काढावयाची, तिच्या शेजारी त्रिकोणात बदलाचा क्रमांक लिहावयाचा आणि कागदाच्या कडेच्या तक्त्यात त्या क्रमांकासमोर दिनांक, बदलाचे थोडक्यात वर्णन व सही करावयाची, अशी ही पद्धत आहे. ढगाचाच आकार का, याचे उत्तर आराखड्याच्या भाषेत सापडते. आराखड्यातील बहुतेक रेषा सरळ असतात आणि दरवाजाच्या उघडझापीसारख्या मोजक्या ठिकाणी गोलाई येते. चौकोनाने वेढा घातला तर तो भिंत समजला जाण्याचा धोका असतो व वर्तुळ खांब किंवा टाकी वाटू शकते. कमानींची सलग नागमोडी रेषा मात्र कोणत्याही बांधकामाची खूण नसल्याने ती इमारतीचा भाग नव्हे हे पाहणाऱ्याला लगेच समजते.

ही खूण वरवर किरकोळ वाटते. कदाचित त्यामुळेच संगणकीय आरेखन प्रणाली बनवणाऱ्यांनी आरंभी तिची दखल घेतली नाही. तथापि तिच्यामागे एक गंभीर प्रश्न उभा आहे. काय बदलले, केव्हा बदलले व कोणाच्या जबाबदारीवर बदलले, हा तो प्रश्न होय.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) सातारा-सांगली परिसरातील नकाशा व नोंदींमध्ये बदल दाखवण्याच्या संगणकपूर्व पद्धतींचा मागोवा घेणे.
२) संगणकीय प्रणालींत क्लाउड काढण्यासाठी वापरल्या गेलेल्या पर्यायी युक्त्यांचे वर्गीकरण करणे.
३) या खुणेचे कायदेशीर व सामाजिक महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून जमीन महसुलाचे व बांधकामाचे कायदे, आरेखनाची मानके आणि संगणकीय प्रणालींच्या क्रमवार आवृत्त्या यांचा आधार घेतला आहे.

३. संगणकपूर्व परंपरा

३.१ भूमी अभिलेखातील बदलाची खूण

मुंबई इलाख्यात शेतवार मोजणीचा पहिला मोठा प्रयत्न १८२७ नंतर प्रिंगल यांच्या देखरेखीखाली झाला व तो फसला. त्यानंतर १८३६ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने या मोजणीचे नियम निश्चित केले. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाले. आजच्या कडेगाव तालुक्याचा परिसर त्या राज्याच्या मुलखातील असल्याने नवी मोजणी पुढे येथेही आली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे हिशेब या भागातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात तेव्हापासून रुळले आहेत.

या मोजणीचा मूळ कागद म्हणजे टिपण. शेताच्या हद्दीची मापे जागेवर लिहून घेतलेले ते कच्चे रेखाचित्र असते. पुढे शेताचे वाटप झाले, रस्त्यासाठी वा कालव्यासाठी जमीन संपादित झाली अथवा मूळ क्षेत्रात चूक आढळली तरी टिपण फाडून नवे केले जात नाही. पोटहिश्शांची मोजणी स्वतंत्रपणे नोंदवली जाते, क्षेत्रातील वाढ वा घट ‘कमी-जास्त पत्रका’ने मंजूर होते आणि त्याआधारे अभिलेख दुरुस्त होतो. ‘कजाप’ या संक्षेपाने तलाठी कार्यालयापासून मोजणी कार्यालयापर्यंत सर्वत्र ओळखले जाणारे हे पत्रक बदलाचा इतिहास जपणारा दस्तऐवज आहे.

नोंदींच्या बाबतीत हे साम्य अधिक ठळक आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत आली. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव कमी झाले की ते पुसले जात नसे. त्याला कंस केला जाई, नवे नाव खाली लिहिले जाई आणि त्याच्याशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात मांडला जाई. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की बदलाचे कारण, दिनांक व मंजुरी यांचा उलगडा होई. ‘नावाला कंस झाला’ हा ग्रामीण भागातील वाक्प्रयोग याच रीतीतून आला आहे. जुन्या नोंदीभोवतीचा कंस, शेजारचा वर्तुळातील क्रमांक आणि दुसऱ्या ठिकाणची तपशीलवार नोंद ही त्रयी पाहिली, तर क्लाउड, त्रिकोणातील क्रमांक आणि कडेचा तक्ता यांच्याशी तिचे नाते लक्षात येते. या दोन पद्धतींचा एकमेकींशी थेट संबंध असल्याचे म्हणता येत नाही. मात्र गरज एकच असल्याने दोन वेगळ्या व्यवसायांत जवळजवळ सारखाच उपाय निघाला, ही बाब लक्षणीय आहे. एक फरकही नोंदवला पाहिजे. कंस जुन्या नोंदीभोवती असतो, तर क्लाउड नव्या स्थितीभोवती असतो. सातबारा जुने शाबूत ठेवतो आणि आराखडा नव्याकडे बोट दाखवतो.

३.२ ट्रेसिंग, निळी प्रत व पेन्सिल

इमारतींच्या आराखड्यांची परंपरा या भागात सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर वाढली. सांगली येथे १९४७ मध्ये व कऱ्हाड येथे १९६० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘आरेखक स्थापत्य’ या अभ्यासक्रमातूनही हाताने आराखडा काढणारी पिढी तयार झाली. मूळ आराखडा ट्रेसिंग कागदावर किंवा ट्रेसिंग कापडावर शाईने काढावयाचा व त्याच्या प्रती काढून साइटवर पाठवावयाच्या, हा शिरस्ता होता. जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेवर आधारलेली निळी प्रत आणि तिच्यानंतर आलेली अमोनिया प्रत ही या व्यवहाराची दोन साधने होती.

शाईची रेषा बदलणे कष्टाचे असे. दाढीच्या ब्लेडने शाई हलकेच खरवडून, कागद खोडरबराने गुळगुळीत करून त्यावर नवी रेषा ओढावी लागे. खरवडलेल्या जागी कागद पातळ होई व प्रतीत तेथे फिकट डाग उमटे. म्हणजे हाताच्या आरेखनात बदल स्वतःहूनच आपली खूण मागे ठेवीत असे. तरीही क्लाउड काढला जाई, आणि तोही बहुधा ट्रेसिंगच्या मागील बाजूस, पेन्सिलने. ट्रेसिंग पारदर्शक असल्याने मागची रेषा प्रतीत उमटते. पुढील बदलाच्या वेळी जुना क्लाउड पुसावयाचा झाल्यास पुढच्या बाजूच्या शाईला धक्का लागत नाही. आधीच निघालेल्या निळ्या प्रतीवर दुरुस्ती दाखवावयाची असल्यास धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने पांढरी रेषा ओढता येत असे, कारण अल्कलीमुळे निळा रंग नाहीसा होतो. पर्यायी युक्त्यांची परंपरा अशी संगणकाच्या आधीपासूनच चालत आलेली आहे.

मंजुरीसाठीच्या आराखड्यांत बदल दाखवण्याची निराळी रीत होती व ती आजही आहे. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय इमारत संहिता आणि तिच्या धर्तीवरील विकास नियंत्रण नियमावल्या यांत रंगांचा तक्ता दिलेला असतो. पाडावयाचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेषांनी, प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने भरून आणि मंजुरीपासून झालेले विचलन लाल तिरप्या रेषांनी दाखवावे, असा त्याचा आशय आहे. क्लाउड ही आरेखक व साइट यांच्यातील खूण आहे, तर हे रंग नागरिक व शासन यांच्यातील आहेत.

४. संगणकाचे आगमन आणि हरवलेली खूण

ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड ही प्रणाली बाजारात आणली. वैयक्तिक संगणकावर चालणारी व तुलनेने स्वस्त असल्याने ती जगभर पसरली आणि यथावकाश महाराष्ट्रातील लहान शहरांतही पोहोचली. नव्वदच्या दशकानंतर ड्रॉइंग बोर्डाची जागा संगणकाने घेतली.

या स्थित्यंतराचा एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. संगणकावर रेषा पुसली की मागे डाग राहत नाही. फाइल साठवली की जुनी अवस्था नाहीशी होते, आणि नवी प्रत पहिल्याइतकीच स्वच्छ निघते. खरवडलेल्या ट्रेसिंगवर अनुभवी नजरेला जे दिसत असे ते या स्वच्छ प्रतीवर दिसणे अशक्य झाले. म्हणून क्लाउडची गरज पूर्वीपेक्षा वाढली. मात्र नेमक्या याच काळात क्लाउड काढणे अवघड झाले, कारण पेन्सिलने दहा सेकंदांत होणाऱ्या या आकृतीसाठी संगणकात आज्ञाच नव्हती.

५. पर्यायी युक्त्यांचे वर्गीकरण

५.१ कमानीमागून कमान

सर्वांत साधी युक्ती म्हणजे पॉलिलाइनच्या आज्ञेतील कमानीचा पर्याय निवडून एकेक कमान काढत जाणे. मध्यम आकाराच्या क्लाउडला वीस-तीस कमानी लागत व प्रत्येकीसाठी बिंदू द्यावे लागत. हात चुकला की कमान आतल्या बाजूस वळे. काही आरेखक मुक्तहस्त रेखाटनाची आज्ञा वापरीत, परंतु तिने असंख्य लहान तुकडे तयार होऊन फाइल जड होई.

५.२ ऑटोलिस्पमधील छोटे कार्यक्रम

१९८६ मध्ये ऑटोकॅडला ऑटोलिस्प या भाषेची जोड मिळाली आणि आरेखकांना स्वतःच्या आज्ञा लिहिता येऊ लागल्या. क्लाउडचे कार्यक्रम हे त्यांतील लोकप्रिय कार्यक्रम होते. त्यांची रचना साधारण अशी असे. वापरकर्ता बदललेल्या भागाभोवती सरळ रेषांचा बंद बहुभुज काढतो. कार्यक्रम त्याच्या बाजूंचे समान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला ‘बल्ज’ ही संख्या देतो. बल्ज म्हणजे कमानीच्या केंद्रकोनाच्या एक चतुर्थांशाचे स्पर्शगुणोत्तर होय. ही संख्या १ असेल तर अर्धवर्तुळ होते, शून्य असेल तर सरळ रेषा राहते आणि चिन्ह उलटले की कमान दुसऱ्या बाजूला वळते. बहुभुज घड्याळाच्या उलट दिशेने काढला व बल्ज धन ठेवला की सर्व कमानी बाहेर फुगतात. दिशा उलटली तर त्या आत वळून ढगाऐवजी काटेरी आकृती दिसते. म्हणून चांगला कार्यक्रम बहुभुजाची दिशा आधी तपासून घेत असे.

येथे प्रमाणाचा प्रश्नही उद्भवतो. कागदावर कमान ८ मिलिमीटरची दिसावी असे वाटल्यास १:१०० प्रमाणाच्या आराखड्यात ती ८०० मिलिमीटरची काढावी लागते आणि १:५० मध्ये ४०० मिलिमीटरची. हे गणित न जुळल्यास छापील प्रतीवर क्लाउड एकतर ठिपक्यांची ओळ वाटतो किंवा दोन-तीन मोठ्या फुगवट्यांत संपतो.

५.३ रेषाप्रकाराची युक्ती

१९९४ च्या तेराव्या आवृत्तीपासून रेषाप्रकारात आकृत्या गुंफता येऊ लागल्या. लहान कमान हीच आकृती मानून रेषाप्रकार तयार केला की कोणतीही साधी रेषा ढगाळ दिसते. ही युक्ती चटपटीत होती, परंतु तिच्यात एक वैगुण्य होते. आकृतीची वेगळी फाइल सोबत दिली नाही तर दुसऱ्याच्या संगणकावर तो रेषाप्रकार नीट उमटत नसे. म्हणजे पाठवणाऱ्याला खूण दिसे आणि ज्याच्यासाठी ती काढली त्याला दिसत नसे. अशीच अडचण आर्किकॅडसारख्या अन्य प्रणालींत स्वतः तयार केलेले रेषाप्रकार व वस्तू वापरणाऱ्यांपुढेही येत असे.

५.४ स्तर आणि लाल पेन

क्लाउड काढला तरी तो कोठे ठेवावा हा प्रश्न उरतोच. मूळ रेखाटनात ठेवला तर तो भाग ज्या ज्या कागदावर येतो तेथे सर्वत्र दिसतो. छपाईच्या मांडणीवर ठेवला तर चौकट थोडी सरकताच क्लाउड भलत्याच जागेला वेढा घालतो. यावर प्रत्येक बदलासाठी स्वतंत्र स्तर ठेवून जुने स्तर बंद करण्याची शिस्त अनेक कार्यालयांनी अंगीकारली. या युक्तीने जुने क्लाउड नष्ट होत नाहीत व हवे तेव्हा परत दाखवता येतात. ‘कंस’ करण्याच्या रीतीशी या युक्तीचे साम्य सर्वाधिक आहे. जेथे यांपैकी काहीच जमत नसे तेथे प्रत छापून तिच्यावर लाल पेनने क्लाउड काढला जाई. हा मार्ग आजही बंद झालेला नाही.

५.५ अधिकृत आज्ञेचा स्वीकार

आधी जोडसाधनांच्या संचात मिळणारी क्लाउडची आज्ञा सन २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ऑटोकॅडच्या मूळ संचात आली. कमानीची किमान व कमाल लांबी ठरवणे, आधी काढलेल्या बंद आकृतीचे क्लाउडमध्ये रूपांतर करणे आणि कमानींची दिशा उलटवणे हे तिचे पर्याय पाहिले, तर आरेखकांच्या छोट्या कार्यक्रमांनी सोडवलेले प्रश्नच त्यांत समाविष्ट झालेले दिसतात. आयताकार व बहुभुज क्लाउड थेट काढण्याची सोय तर २०१६ च्या आवृत्तीत आली. पेन्सिलचे काम संगणकावर तितक्याच सहजतेने होण्यास तीन दशके लागली.

६. त्रिमितीय प्रतिमान आणि नवे प्रश्न

२००० मध्ये आलेली व २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेली रेव्हिट ही प्रणाली वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात संपूर्ण इमारतीचे एकच प्रतिमान असते आणि सर्व कागद त्यातून निघतात. येथे क्लाउडला प्रथमच नोंदीचा दर्जा मिळाला. क्लाउड काढताना तो कोणत्या बदलाचा आहे हे ठरवावे लागते, त्या कागदावरील तक्ता आपोआप भरला जातो आणि बदल ‘वितरित’ म्हणून नोंदवला की त्याचे क्लाउड सहजी हलवता येत नाहीत. फेरफार मंजूर झाल्यावर नोंदवहीत हात घालता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

तरीही युक्त्यांची गरज संपली नाही. कमानींचे तोंड रेषा ओढण्याच्या दिशेवर अवलंबून असल्याने ते उलटे झाले की स्पेसबार दाबून फिरवावे लागे, आणि २०१५ च्या आवृत्तीपर्यंत आयतासारखे साधे आकारही थेट उपलब्ध नव्हते. त्रिमितीय दृश्यात क्लाउड काढता येत नसल्याने ते दृश्य कागदावर मांडून कागदावरच क्लाउड काढण्याचा मार्ग रूढ झाला. याहून मूलभूत अडचण अशी की, क्लाउड ही टिपेची रेषा असून ती भिंतीला बांधलेली नसते. भिंत पुढे सरकली तरी क्लाउड जागीच राहतो. शिवाय एका ठिकाणी केलेला बदल प्रतिमानामुळे दहा कागदांवर आपोआप उतरतो, पण दहा कागदांवर क्लाउड आपोआप उमटत नाहीत. ते माणसालाच आठवणीने काढावे लागतात.

७. खुणेमागील जबाबदारी

बदलाकडे पुरेसे लक्ष न गेल्यास काय घडते याचे दाहक उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे घडले. १७ जुलै १९८१ रोजी तेथील हयात रीजन्सी हॉटेलातील टांगते सज्जे कोसळून ११४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मूळ योजनेनुसार दोन मजल्यांवरील सज्जे छतापासून निघालेल्या एकाच सलग गजाला लटकणार होते. कारखान्याच्या आराखड्यांच्या टप्प्यावर एका गजाऐवजी दोन गज योजण्यात आले व खालचा सज्जा वरच्या सज्ज्याच्या तुळईला टांगला गेला. त्यामुळे वरच्या सांध्यावरील भार सुमारे दुप्पट झाला. बदल कागदावर होता, पण त्याचा अर्थ तपासला गेला नव्हता.

कडेगावच्या जवळचे उदाहरण कोयना धरणाचे आहे. बांधकामाच्या ओघात उंची वाढवण्याच्या निर्णयामुळे या धरणाचा काटछेद नेहमीपेक्षा वेगळा झाला आणि वरच्या भागात त्याचा उतार एकदम बदलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे प्रामुख्याने या पातळीच्या आसपास गेले व नंतर धरणाला आधारभिंतींनी बळकटी द्यावी लागली. हा बदल उघड व विचारपूर्वक केलेला होता. तथापि बदललेली जागा आणि बदलाचा परिणाम होणारी जागा एकच असेल असे नाही, हा धडा त्यातून मिळतो. क्लाउड बदलाची जागा दाखवतो. परिणाम शोधण्याचे काम अभियंत्याचेच राहते.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या कायद्यातील कलम ७ नुसार, आराखडे खरेदीदाराला दाखवल्यानंतर त्याच्या सदनिकेत त्याच्या संमतीवाचून फेरफार करता येत नाहीत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ ने प्रकल्पाच्या मंजूर आराखड्यातील अन्य बदलांसाठी दोन तृतीयांश खरेदीदारांची पूर्वलेखी संमती आवश्यक केली. संमती देण्यासाठी आधी बदल दिसावा लागतो. चाळीस कागदांच्या संचात वाहनतळाची एक रेषा सरकली असेल तर सामान्य खरेदीदार ती शोधणार कशी? त्यामुळे क्लाउड ही आरेखन कक्षापुरती सोय न राहता नागरिकाच्या हक्काशी जोडली जाते.

८. कडेगाव परिसर : काही निरीक्षणे

कऱ्हाड-विटा मार्गावरील कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. हिंदू व मुस्लिम दोघांचाही सहभाग असलेल्या या परंपरेत ताबूत दरवर्षी नव्याने उभारले जातात. जेथे कल्पना करणारा व उभारणारा कारागीर एकच असतो तेथे बदलाची खूण कागदावर करण्याचे कारण पडत नाही. ती हाताला ठाऊक असते. आराखडा काढणारा एक, मंजूर करणारा दुसरा व बांधणारा तिसरा, अशी कामाची विभागणी झाल्यावरच क्लाउडसारख्या खुणेची गरज निर्माण होते.

कडेगावची प्रशासकीय ओळखही अनेकदा बदलली. सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले आणि पुढे खानापूर तालुक्याचे विभाजन होऊन कडेगाव हा स्वतंत्र तालुका झाला. आज येथे नगरपंचायत आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीमुळे अशा लहान शहरांनाही पुण्यासारख्या महानगरांच्याच नियमावलीच्या चौकटीत आराखडे सादर करावे लागतात.

अशा गावांत एका इमारतीचा आराखडा साधारणतः तीन ठिकाणी असतो. मंजूर प्रत कार्यालयात, फाइल अभियंत्याच्या संगणकात आणि तिसरी प्रत मिस्त्रीच्या हातात, बहुधा मोबाइलवरील चित्राच्या रूपात. तिन्ही प्रती एकाच दिनांकाच्या असतील याची खात्री नसते. त्यातच आराखड्यावरील टिपा प्रायः इंग्रजीत असतात व मिस्त्रीचा व्यवहार मराठीत चालतो. वाचता न येणाऱ्या टिपेपेक्षा डोळ्यांना दिसणारा ढग त्याला अधिक उपयोगी पडतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर मात्र तोच ढग बारीक होऊन हरवण्याची शक्यता असते. प्रमाणाचा जुना प्रश्न अशा रीतीने नव्या रूपात परत आला आहे.

भूमी अभिलेखातही संगणकामुळे खुणेचे स्वरूप बदलले. २०२० मध्ये सातबाऱ्याचा सुधारित नमुना आला, तेव्हा कमी झालेल्या नोंदी नुसत्या कंसात न ठेवता त्यांवर आडवी रेष मारून दाखवण्याचे ठरले. कंसातील नोंद चालू आहे की रद्द, असा संभ्रम त्यामुळे दूर होतो. जुनी नोंद वाचता यावी व ती जुनी आहे हेही कळावे, ही दुहेरी काळजी येथे घेतलेली दिसते.

९. निष्कर्ष

१) बदल दाखवण्याची गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. टिपण, कजाप व फेरफार यांच्या रूपाने ती या परिसरातील दप्तरांत आधीपासून मान्य होती.
२) हाताच्या आरेखनात बदल स्वतःची खूण मागे ठेवीत असे. संगणकाने ती नैसर्गिक खूण नाहीशी केल्यामुळे मुद्दाम केलेल्या खुणेचे महत्त्व वाढले.
३) प्रणालींनी दुर्लक्षिलेली ही गरज आरेखकांनी स्वतःच्या युक्त्यांनी भागवली आणि पुढे प्रणालींनी त्याच युक्त्यांचा स्वीकार केला.
४) आज्ञा सोपी झाली तरी काय वेढावयाचे हा निर्णय माणसाचाच आहे. खूण आपोआप उमटत नाही.
५) खरेदीदाराच्या संमतीच्या कायद्यांमुळे बदल स्पष्ट दाखवणे हे नागरिकांच्या हक्काचे अंग बनले आहे.

१०. समारोप

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा मोठ्या शोधांच्या अंगाने लिहिला जातो. ट्रेसिंगच्या मागे पेन्सिलने काढलेला ढग, बल्जचे चिन्ह उलटून सुधारलेली कमान किंवा जुन्या बदलांचे बंद करून ठेवलेले स्तर यांना त्यात स्थान मिळत नाही. परंतु बदल झाला हे सांगण्याचे कर्तव्य साधन नसतानाही ज्या निनावी आरेखकांनी पाळले, त्यांच्या या युक्त्यांमुळे अनेक भिंती योग्य जागी उभ्या राहिल्या असतील. आरेखनाच्या अभ्यासक्रमांत क्लाउडची आज्ञा शिकवली जाते. तिच्याबरोबर फेरफार नोंदवहीचे एक पान विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर बदलाची नोंद कोणासाठी व कशासाठी करावयाची हे त्यांना अधिक नेमके उमगेल.